विरजण आईकडचं

हर्नडन, अमेरिका,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. भाऊजींना नमस्कार, चैत्राली-शार्दूलला आशीर्वाद. आम्ही सगळे इकडे मजेत आहोत, हे वाक्य हाताच्या सवयीने लिहून गेले. खोडत नाही, पण तू ते खरंही धरू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की निळ्या खुणा उमटतात आणि उत्तरादाखल गणपतीचा फोटो येतो. म्हणून हा मेल, आपला जुन्या पत्रासारखा. यात तुला मध्येच फोन ठेवता येणार नाही.

चैत्रालीच्या शालूचा रंग सुरेख आहे. तिला जांभळा खुलतो, आईसारखाच. इथे थंडी सुरू झाली. अंगणातली पानं गोळा करायचं काम यंदा प्रसन्नवर एकट्यावर पडलंय, कंबर धरून धरून करतोय नवरा बिचारा. दिवाळीत चकल्या केल्या आणि शिरस्त्याप्रमाणे त्या मोडल्या. तू असतीस तर हसली असतीस. झालं, नमनाला घडाभर तेल ओतून झालं.

अक्षतबद्दल त्या दिवशी फोनवर मी रडत रडत, एका दमात सांगितलं. त्यातलं तू किती ऐकलंस मला ठाऊक नाही, म्हणून शांतपणे पुन्हा सांगते.

मे महिन्यात त्याला डाव्या डोळ्याने मधोमध धूसर दिसायला लागलं. आम्हाला वाटलं, लॅपटॉप. चष्मा बदलला. ऑगस्टमध्ये उजवाही तसाच झाला. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालसुद्धा होत नाही. बावीस वर्षांचा मुलगा, नोकरीचं पत्र हातात, आणि एका सकाळी त्याला नाश्त्याच्या सिरियलच्या डब्यावरचं नाव वाचता येईना. मी समोर बसले आणि विचारलं, "मी दिसते ना रे?" तर मान जराशी वळवून माझ्या कानाकडे बघत म्हणाला, "आई, आय कॅन सी युअर इअरिंग्ज. जस्ट नॉट यू."

ताई, ते मान वळवणं. मी हे बघितलेलं होतं. तूही बघितलेलं आहेस. त्र्यंबकमामा असाच बघायचा. समोरच्याच्या कानाशी बोलायचा. गावात त्याला शिष्ट म्हणायचे, तोंडाकडे बघत नाही म्हणून. आपण पोरी त्याची नक्कल करायचो.

मग रक्ताची तपासणी झाली. त्या इस्पितळात संशोधन करणारी गिरिजा म्हणून एक पुण्याची मुलगी आहे. रिपोर्ट आल्यावर एका शनिवारी ती बिचारी आपणहून घरी आली. म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी इंग्लिशमध्ये सांगितलंय, पण तुम्हाला ते मराठीत एक्सप्लेन करावंसं वाटलं." पेशीत शक्ती तयार करणारा एक भाग असतो, तो फक्त आईकडून येतो. मुलग्यांना मिळतो पण त्यांच्यापाशीच संपतो. मुली तो पुढे नेतात. मी म्हटलं, "म्हणजे विरजण." ती हसली, म्हणाली अगदी तसंच. दूध ज्या त्या घरचं, विरजण आईकडचं. तू लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीस तेव्हा आईने स्टीलच्या डबीत दही दिलं होतं, सासरचं तुला आंबट लागतं म्हणून. आठवतं?

तर आपलं हे विरजण फार जुनं आहे. गिरिजा म्हणाली, तुमची शाखा हजारो वर्षं आपल्याच मुलखात वावरतेय. कुठल्या नदीकाठी कुठली बाई, तिला किती मुली, कोण जाणे. आणि त्यात अलीकडे केव्हातरी, चार-सहा पिढ्यांमागे म्हणू, एका बाईपाशी एक बारीकशी चूक झाली. तिचा काही दोष नाही. तिला कळलंही नसणार. ती चूक तिने लेकींना दिली, लेकींनी आपापल्या लेकींना. बायकांचे डोळे बहुधा वाचतात. मुलग्यांचे, ऐन विशीत, पुष्कळदा जातात.

मी त्या बाईचं नाव शोधायला बसले. वडिलांकडचे सात पुरुष मला पाठ आहेत, आडनाव, गोत्र, कुलदैवत सगळं. आईची आई गंगूआज्जी. तिची आई? काशी की काय, तेही ऐकीव. त्यापुढे काही नाही. दर लग्नात या बायकांचं आडनाव बदललं, कुठे कुठे तर नावसुद्धा बदललं, आणि त्या पांगल्या. हुबळी, इचलकरंजी, सांगली. आता हर्नडन.

आणि याच्यातच खरी गंमत आहे, गंमत कसली. हुबळीच्या सीतामावशीचा मुलगा, गंगूआज्जीच्या बहिणीचा नातू, त्याचे डोळे गेले. घरचे म्हणाले, दारू प्यायचा. इचलकरंजीच्या एकीच्या मुलाचे गेले. म्हणाले, यंत्रमागावर काम करून. आडनावं वेगळी, घरं वेगळी, म्हणून प्रत्येक घराने आपापला गुन्हेगार शोधला. तीन टोकं कुणी एकत्र धरलीच नाहीत. स्थळ बघताना आपण कुळ विचारतो, गोत्र जुळवतो, मुलीच्या आजीची आई कोण हे कुणी विचारतं का?

आपल्या आजोळी गुन्हेगार आयतीच मिळाली. सुलेखामामी. लग्नाला तीन महिने झाले आणि मामाचे डोळे गेले. गंगूआज्जी ओसरीवर उभी राहून म्हणाली, पांढऱ्या पायाची. दृष्ट काढून झाली, अंगारे झाले, आणि दिवाळीच्या तोंडावर तिला माहेरी पोचवलं ते कायमचं. तिची फणी कोनाड्यात राहिली होती, ती घेऊन तू एस.टी. स्टँडपर्यंत धावत गेलीस. परत आलीस तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती ही. मामाला ते दुखणं त्याच्या आईने दिलं होतं, आणि तीच आई सुनेकडे बोट दाखवत होती. आज्जीला माहीत नव्हतं, हे मला समजतं. तरी राग जात नाही. मामी अजून कऱ्हाडला भावाकडे असते, दुसरं लग्न झालंच नाही. तिला मी वेगळं पत्र लिहिलंय.

आज्जीला माहीत नव्हतं. पण तुला आता माहीत आहे, ताई.

तू म्हणालीस, चैत्रालीचं लग्न होईपर्यंत एक अक्षर बोलू नकोस, तिकडच्यांना कळलं तर मोडतील. मग म्हणालीस, "आणि अक्षतला आणू नकोस गं, लोक विचारतील." आणि फोन ठेवलास. अक्षत शेजारी बसला होता. हल्ली त्याला स्क्रीन दिसत नाही म्हणून घरात फोन स्पीकरवरच असतो. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "इट्स ओके, आई. माझं तिकीट कॅन्सल कर. मावशी स्केअर्ड आहे." त्याने तुला माफ केलं. मला अजून जमलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

पण माझं भांडण राहू दे. हे सगळं मी लांबवत होते, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

काल अक्षतने शार्दूलला फोन लावला. मला न विचारता. मी ओट्याशी भाजी चिरत होते. दोघं नेहमीसारखे क्रिकेटवर बोलले, मग अक्षत म्हणाला, "शार्दूल, यार, एक काम कर. एक डोळा झाक. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ. मग दुसरा झाक." मग शार्दूल म्हणाला, "डाव्याने काटे दिसत नाहीत, दादा. नुसती कड दिसते. गणपतीपासून असंच आहे. मला वाटलं नंबर वाढला."

मी सुरी ठेवली आणि फोन घेतला. तर तो म्हणतो, "मावशी, आईला सांगू नकोस. ताईचं लग्न होऊ दे. नंतर मी सांगतो."

तुमचं मायलेकांचं एकमेकांना न विचारता एकमत झालंय. तू त्याच्यापासून लपवतेस, तो तुझ्यापासून, एकाच लग्नासाठी. मी त्याला हो म्हटलं, आणि आज ते मोडतेय.

औषध आहे, ताई. डॉक्टर खात्री देत नाहीत, पण लवकर सुरू केलं तर काहींचं थोडंफार वाचतं म्हणतात. अक्षतच्या वेळी आमचे महिने चष्म्यात गेले. शार्दूलचा उजवा डोळा अजून चांगला आहे. तो चोरून सिगरेट ओढतो, ती आज बंद कर, ती या दुखण्यात तेल ओतते. सगळे रिपोर्ट सोबत जोडलेत, गिरिजाचा नंबरही. आणि चैत्रालीला सांग. मोडलं लग्न तर मोडू दे. तिच्या पोटी मुलगे येतील, त्यांना सुना येतील, तेव्हा तिने आज्जीसारखं सुनेकडे बोट दाखवू नये.

माझ्यावर विश्वास नसेल तर एवढंच कर. मेल बंद कर आणि त्याच्या खोलीत जा. काही विचारू नकोस, रडू नकोस. सहज गंमत म्हणून त्याचा उजवा डोळा हाताने झाक, समोर उभी राहा, आणि तो तुझ्या तोंडाकडे बघतो की कानाकडे, ते बघ.

मग मला फोन कर. कितीही वाजता.

तुझ्याच आईची,
उल्का