देवाची मूठ

कारंजा (घाडगे),
नोव्हेंबर १९७९

प्रिय कोकिळा,

प्रभूच्या नावात सलाम. इकडे सर्व ठीक. यांचा खोकला कमी आहे. कापसाची वेचणी सुरू आहे. नाताळात तू आलीस की करंज्या करू, साखर आतापासून जपून ठेवते आहे.

गेल्या खेपेला चुलीपाशी आपला वाद झाला, आठवतो ना? तू याकोबाचं काढलंस, कृत्यांवाचून विश्वास मेलेला; मी पौलाचं. तारण विश्वासानंच, कृत्यांनी नाही, हे तू गप्प होईपर्यंत सांगत राहिले. धाकटी म्हणून तू भांडी घासायला उठलीस. मला वाटलं, मी जिंकले.

मागच्या पंधरवड्यात आमच्याकडे वेचणीला येणारी भागीरथा दारात आली. पोरीला हगवण लागलेली, पेजेपुरते तांदूळ मागत होती. घरातले संपले होते. पण रोज स्वयंपाकाआधी चर्चच्या मंडळीसाठी देवाची मूठ काढते, त्या तांदळाचा डबा गच्च भरलेला. त्यात हात घालणं मला पाप वाटलं. म्हटलं, हे देवाचे आहेत बाई, तू विश्वास ठेव, मी प्रार्थना करते. ती हात जोडून गेली. मी डाळ निवडायला बसले. आणि कोकिळा, प्रार्थना मी केलीच नाही. विसरले.

रविवारी उपासनेहून आले तर भागीरथा ओट्यावर बसलेली. पदराची गाठ सोडून तिनं मूठभर तांदूळ पुढे केले. "बाई, तुमची पार्थना पावली जी. पोरगी उठून बसली. हे तुमच्या देवाले." शेजारच्या आनंदाबाईंनी पेजेसाठी दिले होते, त्यातलेच तिनं राखले. आनंदाबाई आपल्या मंडळीतल्या नाहीत, तुला ठाऊकच आहे. मी ते डब्यात टाकले, आणि वर म्हणाले, प्रभूची स्तुती असो.

विश्वास तिनं ठेवला, तांदूळ आनंदाबाईंनी दिले. माझं त्यात नुसतं बोलणं. तेव्हापासून तारण हा शब्द तोंडात आला की जीभ अडते.

आता ती रोज संध्याकाळी पोरीला घेऊन येते आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला सांगते. मी ठेवते. खरं सांगायला दोनदा तिच्या झोपडीपर्यंत गेले, तशीच परतले. म्हणून हे पत्र. नाताळापर्यंत थांबू नको, शनिवारच्या एस.टी.नं ये. तू नुसती शेजारी उभी राहा. बोलेन मीच.

तुझीच, वादात जिंकलेली मोठी बहीण,
मंदा