एकाच झाडाची चारशे रोपं

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी शिडीवर चढू नका म्हटलंय, म्हणजे तू नक्की चढत असणार.

बातमी अशी की, आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्हायोलिनांना खुंट्या बसवणाऱ्या तुझ्या भावाला अखेर स्वतःचं लाकूड मिळतंय. बंद पडलेल्या सूतगिरणीमागे चक्क एक लोखंड्या उभा आहे! तिथे गोदाम होणार, म्हणून मालक झाड पाडतोय. खोड मला घेऊन जा म्हणाला. येत्या मंगळवारी करवत लागेल. एक ढलपी पाण्यात टाकून पाहिली, सरळ तळाला गेली. वाळायला सात वर्षं, म्हणजे तोवर मी अडुसष्टचा. पण दुपारी डोळे मिटले की ते व्हायोलिन मला आत्ताच ऐकू येतं.

सव्वीस वर्षं तू याच जातीचं झाड जगवते आहेस, म्हणून इथल्या झाडाची दोन फुलं पाठवतोय. रागावू नकोस, ते तसंही पडणारच आहे.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
करवत्या

१० मार्च

चि. करवत्यास,
अनेक आशीर्वाद.

झाड पाडू देऊ नकोस. मालकाच्या पाया पड, काय वाटेल ते कर. वादळात तारा पडल्यामुळे फोन बंद आहे, म्हणून हे टपालगाडीच्या चालकाच्या हातात देतेय.

तुझी फुलं नर आहेत रे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. टेकडीवरचं माझं जुनं झाड, माझी म्हातारी, मादी आहे. दर वर्षी फुलते आणि फुलं नुसतीच गळतात. नर कुठेच उरला नाही असं धरून मी शोधणंच सोडलं होतं. तिच्या मुळांना फुटलेले कोंब काढून चारशे रोपं वाढवली, गावोगाव वाटली आणि मिरवलं. चारशे कसली! एकच झाड चारशे ठिकाणी उभं आहे. एक रोग आला की सगळी एकदम जातील. आणि आपला नर तुझ्या दुकानामागे दोन गल्ल्यांवर!

म्हातारी आता बहरात आहे, फार तर आठवडाभर. लाकडाचा मोह सोड. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागतेय.

तुझी
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वादळानं रस्ता बंद होता, म्हणून तुझं पत्र आज गुरुवारी मिळालं. झाड मंगळवारीच पडलं. बुंधाही यंत्रानं मुळांसकट उपटला.

मी तसाच गिरणीवर धावलो. फांद्या आवारात पडून होत्या, आणि ताई, त्या अजून फुलत होत्या. झाड पडल्याचं त्या कळ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रोगण लावायच्या मऊ कुंचल्यानं मी फुलाफुलातली पिवळी धूळ कागदावर झाडली. माझं डोकं फिरलंय असं पहारेकऱ्याला वाटलं. बारा पुड्या झाल्या. तुझ्याच चालकाच्या हाती देतोय.

खोड दुकानात आलंय. त्याला हात लावावासा वाटत नाही. क्षमा करता आली तर कर.

करवत्या

२ एप्रिल, पुढचं वर्ष

चि. करवत्यास,
अनेक आशीर्वाद.

वर्षभर तुला एक ओळ लिहिली नाही. रागावले होते, तुझ्यावर आणि त्याहून जास्त माझ्यावर. शोधलं असतं तर सापडला असता.

पुड्या दुसऱ्याच दिवशी पोहोचल्या होत्या. मी शिडीवर चढले. यांनी शिडी धरली आणि यथेच्छ बोलणीही ऐकवली. हाताला लागेल त्या फुलावर धूळ लावली, वर मलमलीच्या पिशव्या बांधल्या. वारा सुटला तशी म्हातारी पांढऱ्या टोप्या घालून डुलायला लागली. मी खाली गवतात आडवी पडून बघत राहिले, संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही.

एकशे दहा फुलांतून सहा फळं धरली. त्यांत नऊ बिया. पेरल्यापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्याशी बसत होते. गेल्या आठवड्यात दोन उगवल्या.

नर की मादी ते फुलल्याशिवाय कळत नाही, म्हणजे पंधरा वर्षं. तेव्हा मी पंच्याऐंशीची असेन, किंवा नसेन. त्याचं काही वाटत नाही. तू ते लाकूड नीट वाळव. त्याचं व्हायोलिन केलं नाहीस तर मात्र पुन्हा अबोला.

आणि एकदा येऊन जा. एका रोपाचं पान अरुंद आहे, दुसऱ्याचं रुंद. इतक्या वर्षांत माझ्या वाफ्यात पहिल्यांदाच दोन झाडं आहेत.

तुझी
ताई