घरीच आहात ना?

आई, तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी तुझं नाव पुढे करून धडधडीत खोटं बोलले.

तू न पाहिलेला तुझा नातू आता दोन वर्षांचा आहे. हडपसरला आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर एक काकू पाळणाघर चालवतात, सकाळी आठ ते संध्याकाळी सात तो त्यांच्याकडे असतो. परवा त्याला आणायला गेले तर काकू म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी-शुक्रवारी सुट्टी घेतेय हं. आठ दिवस आधीच सांगून ठेवते." मी विचारलं, "गावाला जाताय का?" "छे हो, घरीच. जरा पडून राहीन म्हणते." झालं, माझं डोकंच फिरलं. नवरा बाहेरगावी आणि शुक्रवारी ऑफिसात परदेशी मंडळी येणार. म्हटलं, "घरीच आहात ना, मग ह्या एकट्याला ठेवायला काय हरकत आहे?" त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, गेल्या महिन्यात तुमची रजा होती, तरी ह्याला माझ्याकडे सोडून तुम्ही वर झोपायला गेलात. मी कारण विचारलं का?" खरं होतं, म्हणूनच मी जास्त चिडले. "माझ्या आईनं कसब्यात अठरा वर्षं पाळणाघर चालवलं," मी म्हणाले, "एक दिवस बंद ठेवलं नाही!"

बंद ठेवलं होतंस की गं. मी दुसरीत होते. आठवडाभर आधीपासून तू प्रत्येकाला दारात सांगत होतीस, तेही ओशाळून. आणि त्या दिवशी खिडक्या लावून, आतून कडी घालून तू फरशीवर उताणी पडली आहेस. "आज मी कुणाची मावशी नाही," म्हणतेस आणि हसतेस. तुला दिवसाढवळ्या आडवी झालेली मी पहिल्यांदाच बघतेय. तेवढ्यात दार वाजतं. "मावशी, पंख्याचा आवाज येतोय. घरीच आहात ना?" तू ओठांवर बोट ठेवतेस. तो गृहस्थ हलत नाही. शेवटी त्याचं पोर रडायला लागलं तशी तू उठलीस, पदर सारखा केलास, दार उघडलंस आणि "सॉरी हं, डोळा लागला होता," म्हणालीस. सॉरी तू म्हणालीस! मी रागानं त्याच्या चपलांवर तांब्याभर पाणी ओतलं, तर धपाटा मलाच बसला. पुन्हा म्हणून तू सुट्टी मागितली नाहीस.

आज मी काकूंची माफी मागायला गेले. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमच्या आईंचं डोक्यातून जाईना बघा. अठरा वर्षं! आणि मी दोन दिवसांसाठी तुमच्याशी वाद घालत बसले. आणा त्याला शुक्रवारी." त्यांचे डोळे पार ओढलेले होते. तेव्हाच त्यांना सगळं सांगायला हवं होतं. "त्यांना कधी दमायला व्हायचं नाही का हो?" त्यांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं, टोमणा नव्हता. मी म्हणाले, "नाही. कधीच नाही."

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, हा कागद काकूंनाच नेऊन द्यावा. नाही देणार. शुक्रवारची सोय झाली, आई, आणि जिना चढताना मला खरंच हायसं वाटलं.