फणसाची पट्टी

२ नोव्हेंबर, रविवार

पिंगुळीच्या मैदानावर आज रोनीने माझी अब्रू काढली. चौदा माणसांसमोर. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत जेनिस नवीन, माझ्याकडे शिकते. तिच्या गाडीखाली माझी पट्टी सरकवून उंची मापत होतो — फणसाच्या लाकडाची, पायऱ्यापायऱ्यांची, दर पायरीवर मिलिमीटर लिहिलेली, माझ्या हाताने तासलेली. हा मागून म्हणतो, "आंतोनबाब, ती पट्टी आता चुलीत घाला. खोटी आसा ती. तुमच्या मापान लावलेल्या गाड्यांची पोटां घासतत."

सगळे हसले. तळेऱ्याचा गुरुप्रसाद तर खाली बसून हसला.

पुढची स्प्रिंग कुठची, मागची कुठची, हे रोनीला मी शिकवलं. मी!

सोडणार नाही.

३ नोव्हेंबर

दुरुस्तीला आलेलं बोटीचं इंजिन उघडून बसलो. हातात पाना, डोक्यात रोनी. नववी नापास माणूस मी. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल, स्प्रिंग, उंची — सगळं गाड्या मोडून मोडून शिकलो. आठ वर्षं हीच पट्टी कडाप्प्याच्या टेबलावर घासत सरकवतो. पोटाखाली जाताना किंचित अडली की माप बरोबर. बारीक माप घ्यायचा व्हर्निअर आहे दुकानात. माझ्या हातच्या वस्तूला तो लावायची गरज पडलेली नाही.

९ नोव्हेंबर

रोनीला फोन करून पैज लावली. तीस तारखेची नवशिक्यांची शर्यत. तुझ्याकडे शिकणारी भार्गवी, माझी जेनिस. माझी जिंकली तर सगळ्यांसमोर हात जोडून म्हणायचं — आंतोनबाबची पट्टी खरी. हरली तर नवशिक्यांच्या गाड्या लावून द्यायचं टेबल तुझं. मी त्या मैदानात पाय ठेवणार नाही.

तो म्हणतो, "बाब, इतक्या थराक कित्याक जातास?"

घाबरला.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेनिस शाळेत गणित शिकवते. दर गोष्टीला तिचं "कित्याक?" — का म्हणून. मी सांगितलं — बॅटरी आत घालूनच मापायचं, रिकामी गाडी हलकी, उंच बसते, खोटं बोलते. वीतभर उंचीवरून टेबलावर सोडायची, आपली आपण बसू द्यायची, मग पट्टी. उंची कमी भरली तर शॉकवरचं कडं खाली फिरवायचं. स्प्रिंग दबते, गाडी उचलते. डावी-उजवी सारखी. चिऱ्याच्या त्या खडबडीत मैदानावर सव्वीस मिलिमीटर. पाव मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे चालणार नाही.

"आणि तरी घासली तर?"

"माझ्या मापान घासाची नाय."

मान हलवली तिने. पटलेलं दिसलं नाही. मास्तरीणच ती.

२९ नोव्हेंबर

हात जोडलेला रोनी कसा दिसेल? मनात तीनदा बघून घेतलं. तिन्ही वेळा बरं वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

जिंकली!

सकाळी भार्गवी बॅटरी न घालताच उंची मापत होती. रोनी जवळ नव्हता. एक शब्द सांगितला असता तर पुरे होता. पाहिलं आणि पुढे गेलो. हरू दे. तिसऱ्या फेरीत तिची गाडी उंचवट्यावर पोट टेकून अडकली. चाकं हवेत फिरत राहिली. जेनिसची एकदाही घासली नाही.

मग रोनीला मधोमध उभा केला. त्याने हात जोडले. "आंतोनबाबची पट्टी खरी," म्हणाला.

मी म्हटलं, "मोठ्यान बोल रे, गुरुप्रसादाक आयकाक येवक नाय."

परत बोलला. मान खाली. या वेळी कोणी हसलं नाही.

घरी येऊन दोनदा वाढून घेतलं.

२ डिसेंबर

जेनिस दुकानात आली. "सांगल्याशिवाय ऱ्हवाक जमणा नाय, बाब." शर्यतीच्या सकाळी सरावात तिची गाडी सारखी घासत होती. मला ते सांगायचा तिला धीर होईना. रोनीने बघितलं. त्याने स्वतःची पट्टी लावली, चारही कडी खाली घ्यायला लावली. गाडी दोन मिलिमीटर वर आली. म्हणाला, "आंतोनबाबांका सांगा नको, वायट वाटात."

ती गेल्यावर व्हर्निअर काढला. सव्वीस लिहिलेल्या पायरीवर चोवीस. कडाप्प्यावर घासून घासून पट्टीचा तळ झिजलाय.

मी भार्गवीच्या टेबलासमोरून गप्प पुढे गेलो, तेव्हा रोनी माझ्या जेनिसच्या गाडीवर वाकलेला होता.