रंगाखालचं नाव

धायरी, पुणे

अहो, नमस्कार. पाकिटावरचं तुमचं नाव आपल्या नातीने, सलोनीने घातलंय. मी उच्चारलेलं नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. अजून धूसर दिसतं, पण डॉक्टर हसतात, म्हणून मीही हसते. तुम्ही बीपीची गोळी वेळेवर घेता ना?

तुमचा नातू केयूर महायुद्धातल्या जपानी लढाऊ विमानांचे तुकडे जमवतो, म्हणून तुम्ही त्याला भंगारवाला म्हणता. परवा त्याचा चेहरा उतरला होता. वर्षभर वाट पाहून आलेल्या हिरव्या पत्र्यावर अक्षरं ओरखडलेली निघाली. एक जाणकार म्हणाले, "हे हल्ली कुणीतरी कोरलंय. फसलास, परत पाठव."

मी पत्रा मांडीवर घेतला. वाचता येत नाही आणि सध्या नीट दिसतही नाही, म्हणून बोट फिरवलं. ताजा ओरखडा बोटाला बोचतो, हा गुळगुळीत होता. म्हटलं, "अरे, आधी अक्षरं, मग रंग. हे कारखान्यातच कोरलंय." त्याने भिंगातून पाहिलं, तर रेघांच्या तळापर्यंत तोच जुना हिरवा रंग. जाणकारांनीही मान डोलावली.

जपानी शिकवणाऱ्या बाईंनी अक्षरं वाचली. एका मुलीचं नाव आहे. तेव्हा शाळकरी मुलीही विमानं जोडायच्या म्हणे.

केयूर आता येईल त्याला सांगतो, "आमच्या आजीने ओळखलं." मला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, पण त्या पोरीचं मी खोटं ठरू दिलं नाही.

तुमची,
मंदाकिनी
(अक्षर सलोनीचं, फुशारकी माझी.)