हिरवे धूमकेतू

प्रिय आई,

पाठवणार नाहीये, म्हणूनच लिहितेय. तुझ्या खुब्यात बसवलाय तोच धातू आम्ही उंदरांच्या हाडांत बसवून तपासतोय. पेशीतली जनुकं तुटली, की भिंगाखाली तिला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. कुठल्या काचेवर कुठल्या उंदराच्या पेशी, हे आमची प्रमुख डोरीन माझं मोजून होईपर्यंत लपवते.

आज एका काचेवर हिरवे धूमकेतूच धूमकेतू होते. तुलनेसाठी मुद्दाम विष दिलेल्या उंदराची असणार, असं समजून मी त्या अंधाऱ्या आभाळात तरंगत राहिले. मग डोरीन हळूच म्हणाली, "मार्लिस, ही तुझ्या आईच्या धातूची गं."

संध्याकाळी फोनवर तू खिदळलीस, "पोरी, काल चर्चच्या हॉलमध्ये पोल्का नाचले! जरासुद्धा दुखलं नाही."

मी एवढंच विचारलं, "कोणाबरोबर गं?"

तुझी,
मार्लिस