गंज माझा, चषक तुझा

बीस्टन,
सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय नेव्हिल,

तुझं पत्र पोचलं. गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय. डेसला जाऊन नऊ महिने झाले, तरी हात दोन कप चहा टाकतोच, आणि मग मी स्वतःवरच चिडते.

मागच्या वर्षी हाताने रंगवलेल्या चिमुकल्या सैन्यासाठीचा क्लबचा चषक तू जिंकलास, म्हणजे रिवाजाप्रमाणे या शनिवारी सगळ्यांसमोर एक छोटा रणगाडा रंगाने गंजवून दाखवायची पाळी तुझी. त्यासाठी डेसची कृती हवी म्हणतोस. "त्याची आठवण म्हणून करतो," असंही लिहिलंयस. किती रे मायाळू तू!

घे लिहून. आधी गंजाचा तपकिरी रंग. तो वाळला की केसांना मारायचा साधा स्प्रे, दोन हात. त्यावर हिरवा. मग ओल्या ब्रशने घासलं की हिरव्याचे पोपडे सुटतात आणि खालचा गंज दिसतो. घाई तेवढी करू नकोस. हिरवा शुक्रवारीच दे, चांगला जाड, आणि रात्रभर हीटरजवळ वाळू दे.

मी पुढच्या रांगेत बसेन. तुला आवडतो तो आल्याचा केक आणते.

तुझी,
हेस्टर

---

रविवार, १० नोव्हेंबर

नेव्हिल,

केक टेबलावरच विसरलास की रे!

पाऊण तास घासत होतास. एक पोपडा सुटेल तर शपथ. ब्रशचे केस झडले तेव्हा नखाने खरवडायला लागलास. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, गेल्या वर्षी बारा रणगाडे गंजवलेत ना? आज एक जमेना?" अध्यक्षीण ग्वेन बिचारी म्हणाली, "स्प्रेच खराब असेल." तू माझ्याकडे पाहिलंस. मी नुसती मान डोलावली असती तरी वाचला असतास. मी केकचा तुकडा तोंडात टाकला.

हिरवा अर्ध्या तासाच्या आत घासायचा असतो. रात्रभर वाळला की त्याचा दगड होतो. ज्याने आयुष्यात एक तरी रणगाडा गंजवलाय त्याला हे ठाऊक असतं. तेच मी उठून सांगितलं, पर्समधून तपकिरी रंग दिलेला रणगाडा काढला आणि वीस मिनिटांत गंजवून दाखवला. ग्वेनने तो 'तुझ्या' बारांच्या शेजारी ठेवून भिंगातून पाहिला. "हात एकच आहे," म्हणाली.

डेसचे हात दोन वर्षं कापत होते. सैनिक त्याने आधी रंगवलेले, रणगाड्यांवरचा गंज आणि चिखल माझा. हे तुला माहीत असतं तर कृती मला विचारली नसतीस.

आज सकाळी तुझी चिठ्ठी दारात. "मी डेसचं सैन्य नुसतं सांभाळत होतो, समितीला तेवढं सांग ना, हेस्टर." सांभाळत होतास! डेस हॉस्पिटलात, म्हणून "क्लबच्या कपाटात सुरक्षित राहील" असं सांगून घेऊन गेलास आणि तिसऱ्याच आठवड्यात स्वतःच्या नावाने स्पर्धेत मांडलंस. वर त्याच्या शवपेटीला खांदा देऊन ढसाढसा रडलास. मेल्या, तेव्हा चषक तुझ्या घरात होता!

समितीला मी तसलं काही सांगणार नाही. चषकावरून तुझं नाव खरवडून काढतील, ते बघायला मात्र जाणार आहे.

तुझी दया आली का? कणभरही नाही. का, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. क्लबच्या पत्रकातला चषक आणि सैन्यासकट तुझा फोटो डेसने हॉस्पिटलात पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "हेस्टर, हे आपलंच ना गं?"

त्या अवस्थेत त्याला काय सांगू? मी म्हटलं, "छे, नेव्हिलने रंगवलंय. आपलं कपाटात आहे."

त्याने पत्रक घडी करून उशाशी ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे नेव्हिल आपल्यापेक्षा सरस निघाला गं."

तेच मनात घेऊन गेला तो. माझ्या तोंडच्या शब्दांनी, तुझ्यापायी.

माफी मागायला येऊ नकोस. दार उघडणार नाही.

हेस्टर